डोळे पुसट, मुकुट स्वच्छ

भाच्याचं बोरन्हाण लालबागला भावाच्या घरी झालं. चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली, दहा बाय पंधराची. त्यात वीस-बावीस माणसं, मधोमध पाट आणि पाटावर आमचं दीड वर्षाचं पोर. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, दंडावर हलव्याचे बाजूबंद आणि डोक्यावर हलव्याचा मुकुट. माझ्या कॅमेऱ्यावर पन्नास एमएमची १.८ लेन्स होती. नुकतीच घेतलेली, आणि तिच्यावर माझा फार जीव होता. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येतो ते छिद्र, १.८ वर ठेवलं ते शेवटपर्यंत हलवलं नाही. तासाभरात तीनशे फोटो काढले. रात्री कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर पाहिले तेव्हा वाटलं, छान जमलं.

पुढच्या महिन्यात त्यातला सगळ्यात आवडता फोटो आठ बाय दहाच्या कागदावर छापून काकांकडे नेला. काका नात्यातले नाहीत. गिरगावात त्यांचा स्टुडिओ होता, आता बंद आहे. आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा त्यांच्या घरी आपापले फोटो घेऊन बसतो. काकांनी फोटो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला, कागद अगदी डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "मुकुटातला दाणा न् दाणा मोजता येतोय. पोराचे डोळे कुठे गेले गं?"

खरंच, डोळे नव्हते. म्हणजे होते, पण पाण्यातून पाहावं तसे. हलव्याच्या काट्यांवर मात्र प्रकाश इतका सुरेख बसला होता की मला दोन आठवडे त्याच्यापलीकडचं काही दिसलंच नव्हतं.

१.८ हा भागाकार आहे

लेन्सवर लिहिलेला हा आकडा कसा येतो? लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे इथे पन्नास एमएम, घ्यायची आणि तिला प्रकाश आत येतो त्या छिद्राच्या व्यासाने भागायचं. पन्नास एमएमच्या लेन्सवर १.८ म्हणजे छिद्र जवळजवळ २८ मिलिमीटरचं, दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठं. तीच लेन्स ५.६ वर आणली की छिद्र उरतं ९ मिलिमीटरचं, वाटाण्याएवढं. छिद्र वाढलं की भागाकार लहान होतो, म्हणून लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र. सुरुवातीला सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. नाण्याएवढ्या छिद्रातून वाटाण्याएवढ्या छिद्राच्या सुमारे दहापट प्रकाश आत येतो. आकडे १.४, २, २.८, ४, ५.६, ८ असे चढत जातात आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. या पायरीला फोटोवाले स्टॉप म्हणतात.

अशा मोठ्या छिद्राच्या लेन्सला फास्ट म्हणण्याचं कारण जुनं आहे. १८३९ मध्ये डॅगेरोटाइपची, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर फोटो उमटवायची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागत. माणसाला मान जखडून बसवावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या जोसेफ पेत्झवालने गणित मांडून माणसांच्या चेहऱ्यांसाठी एक लेन्स आखली. तिचं छिद्र आजच्या आकड्यांत साधारण ३.६ चं. त्या काळच्या लेन्सपेक्षा ती कितीतरी जास्त प्रकाश घेई, त्यामुळे मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. वेग लेन्सचा नसतो, तिच्यामुळे मिळणाऱ्या शटरचा, म्हणजे प्रकाश आत सोडून मिटणाऱ्या पडद्याचा असतो. आपण मुलांसाठी फास्ट लेन्स घेतो तेव्हा आपल्याला हवं असतं तेही हेच, पण दुकानात कुणी असं सांगत नाही. तिथे मागचं सगळं धूसर झालेला एक फोटो दाखवतात.

लालबागच्या खोलीतला हिशोब सांगते. संध्याकाळचे पाच, जानेवारीचा उतरता उजेड. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सचं सगळ्यात मोठं छिद्र त्या फोकल लेंग्थला ५.६. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला दाद देण्याची क्षमता, ३२०० ठेवूनही शटर मिळत होतं १/६० सेकंद. १/६० मध्ये दीड वर्षाचं मूल मान वळवतं आणि चेहरा फराटला जातो. लेन्समध्ये थरथर रोखणारी सोय असली तरी ती आपल्या हाताची थरथर सांभाळते, मुलाची हालचाल नाही. तिथेच १.८ ला तोच आयएसओ ठेवून १/५०० मिळतं. बसलेल्या मुलाला १/२५० पुरतं, धावणाऱ्याला १/५०० तरी हवं.

आणि बोरन्हाणात वरून बोरं पडत असतात! अर्धा मीटर खाली येईपर्यंत बोराचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या घरात जातो. १/२५० मध्ये ते सव्वा सेंटीमीटर सरकतं, म्हणजे फोटोत बोराची रेघ होते. १/१००० ला जेमतेम तीन मिलिमीटर सरकतं आणि हवेत थांबल्यासारखं दिसतं. मला स्वतःला थोडी रेघ आवडते. चेहरा स्वच्छ आणि भोवती पडणाऱ्या बोरांच्या, चुरमुऱ्यांच्या छोट्या रेघा असल्या की वर्षाव होतोय हे कळतं. चेहरा स्वच्छ हवा, एवढं मात्र पक्कं.

बसची पाटी आणि तीन सेंटीमीटर

चष्मा घरी राहिला की बसस्टॉपवर आपण डोळे बारीक करून येणाऱ्या बसचा नंबर वाचतो, आणि तो थोडा तरी वाचता येतो. लेन्सचं छिद्र लहान केल्यावर होतं ते हेच. एखाद्या बिंदूवरून निघालेला प्रकाश छिद्रातून आत शिरतो आणि शंकूसारखा निमुळता होत फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर पुन्हा एका बिंदूत मिळतो. ज्यावर फोकस आहे त्याचाच शंकू नेमका सेन्सरवर मिळतो. पुढच्या-मागच्या वस्तूंचे शंकू सेन्सरच्या अलीकडे नाहीतर पलीकडे मिळतात, म्हणून सेन्सरवर बिंदूऐवजी चकती उमटते. छिद्र बारीक असेल तर शंकू सडपातळ, चकती इवलीशी, डोळ्याला ती बिंदूच वाटते. छिद्र नाण्याएवढं असेल तर शंकू जाडजूड आणि चकतीही मोठी. हजारो चकत्या एकमेकींवर चढल्या की बॅकग्राउंड लोण्यासारखं दिसतं. त्या धूसरपणाच्या पोताला बोके म्हणतात, शब्द जपानी आहे.

म्हणजे फोकसच्या पुढेमागे एक पट्टा असतो, त्यातलं सगळं स्वच्छ दिसतं. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा आहे. पन्नासच्या लेन्सने, १.८ वर, एक मीटरवरून हा पट्टा असतो सुमारे तीन सेंटीमीटरचा. दीड सेंटीमीटर पुढे, दीड मागे. आता मुलाचा चेहरा बोटांनी मोजून पाहा. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत अडीच-तीन सेंटीमीटर, डोळ्यापासून कानापर्यंत आणखी सात-आठ. भाच्याचा मुकुट मोठा होत होता, तो कपाळावर पुढे झुकला होता, डोळ्यांच्या तीन सेंटीमीटर तरी पुढे. आणि ऑटोफोकसला आवडतो ठळक फरक. काळ्या कापडाच्या पट्टीवर पांढरेशुभ्र दाणे यापेक्षा ठळक त्या खोलीत दुसरं काही नव्हतं. कॅमेऱ्याने दाणे धरले, पट्टा दाण्यांभोवती बसला आणि डोळे पट्ट्याच्या बाहेर पडले. कॅमेऱ्याने त्याचं काम चोख केलं होतं. कशावर फोकस हवा ते मी त्याला सांगितलंच नव्हतं.

काकांनी सांगितलेला उपाय ऐकून मी चकित झाले. मला वाटलं होतं म्हणतील, अॅपर्चर बारीक कर. ते म्हणाले, "आधी मागे सरक."

पट्ट्याची जाडी अंतराच्या वर्गाने वाढते. एक मीटरवरून दीड मीटरवर गेलं की दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट. तीन सेंटीमीटरचे साडेसहा झाले, आणि अॅपर्चरला हातही लावलेला नाही. आता १.८ चं २.८ केलं की दहा सेंटीमीटर. नाक, डोळे, गाल सगळं स्वच्छ, मुकुटासकट, कान तेवढे जरा मऊ. आणि खोलीतल्या त्याच उजेडात २.८ ला शटर मिळतं १/२५०, जे बसलेल्या मुलाला पुरतं. मागे सरकल्यामुळे मूल फ्रेममध्ये लहान दिसतं, पण आजकालच्या चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोतून आठ बाय दहासाठी कापून घेतलं तरी काही बिघडत नाही. शिवाय फार जवळून मुलाचं नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, तेही सुधारतं. चेहऱ्याचा आकार अंतरामुळे बदलतो, लेन्समुळे नाही. लोक इथे हमखास चुकतात.

हे सेंटीमीटर हातात धरण्याएवढ्या कागदासाठी आहेत. कॉम्प्युटरवर फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिलात तर पट्टा याहूनही बारीक भासेल. आणि मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर तीच लेन्स, तेच अंतर, तेच अॅपर्चर असेल तर तो जवळपास दीडपट होतो.

मग डोळ्यांवर फोकस कसा धरायचा? नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत डोळा ओळखून धरण्याची सोय असते. ती चालू करा आणि फोकस सतत बदलत राहील असा मोड ठेवा, कारण मूल पुढेमागे डुलत असतं. माझ्यासारखा जुना, आत आरसा असलेला डीएसएलआर असेल तर एकच फोकस पॉइंट निवडा आणि तो कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा. मधल्या पॉइंटने डोळा धरून मग कॅमेरा फिरवून फ्रेम जमवण्याची सवय पुष्कळांना असते, मलाही होती. एक मीटरवरून कॅमेरा दहा अंश फिरवला तर फोकस डोळ्याच्या दीड सेंटीमीटर मागे जातो. किट लेन्सला त्याने फरक पडत नाही. १.८ ला तेवढ्यानेच डोळा हातचा जातो.

कुणी म्हणेल, माझ्या फोनवरही १.८ लिहिलंय, मग त्याला ही अडचण का येत नाही? फोनच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ सहा-सात मिलिमीटरच असते. तिला १.८ ने भागा, छिद्र येतं चारएक मिलिमीटरचं, ज्वारीच्या दाण्याएवढं. शंकू सडपातळ, सगळं स्वच्छ. पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा फोन नंतर हिशोबाने रंगवतो आणि म्हणूनच जावळाच्या मोकळ्या बटा किंवा हलव्याच्या हाराची काटेरी कडा त्याला नीट कापता येत नाही.

काळं झबलं, ट्यूबलाइट आणि गॅलरी

बोरन्हाणाचे फोटो काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आवर्जून सांगते, कारण यांनी माझे निदान शंभर फोटो वाया घालवले.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं धरून चालतो. समोर काळं झबलं आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या आईची काळी चंद्रकळा असेल तर त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. काळं कापड करडं पडतं, चेहरा पिठासारखा पांढरा होतो, हलव्याचे दाणे एकमेकांत वितळून जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय, उणे दोनतृतीयांश ते उणे एक स्टॉप ठेवलं की काळं काळं राहतं आणि त्वचेचा रंग परत येतो. पांढऱ्या हलव्याने आणखी एक शिकवलं. छिद्र पूर्ण उघडं असताना फोकसच्या पुढच्या पांढऱ्या दाण्यांना जांभळट कडा येते, मागच्यांना हिरवट. फास्ट लेन्सचा हा स्वभाव आहे, २.८ पर्यंत आणलं की बराच निवळतो.

दुसरी गोष्ट ट्यूबलाइटची. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला कळत नाही. १/५०० च्या शटरला कळतं. एक फोटो पिवळट, पुढचा हिरवट, तिसऱ्यात आडवा गडद पट्टा. स्वस्त एलईडी बल्बही तसेच. मी आता घरच्यांना विनंती करते की अर्धा तास ट्यूब बंद करू आणि गॅलरीचं दार उघडू. "अगं अंधार होईल" म्हणतात, पण पाट दारापासून चार फुटांवर सरकवला की सगळ्यांना पटतं. चाळीच्या गॅलरीतून येणारा उजेड समोरच्या भिंतीवरून परतून येतो, थेट ऊन नसतं, म्हणून तो गालावर हळूच वळतो. डोळ्यांत दाराची पांढरी चौकट उमटते. तिला कॅचलाइट म्हणतात आणि ती नसेल तर सुंदर डोळेही मातीचे दिसतात. मुंबईत स्टुडिओ भाड्याने घ्यायची ऐपत नसलेल्यांनी हळहळू नये. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्या, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समधली झाडांची सावली, जुलैतलं ढगाळ शिवाजी पार्क, या उजेडाला तोड नाही.

लेन्स निवडताना खोलीची लांबी आधी मोजा. पंच्याऐंशी एमएमची सगळीकडे तारीफ होते आणि ती बागेत सुंदरच आहे, पण क्रॉप सेन्सरवर तीन मीटरवरून तिच्यात उण्यापुऱ्या पाऊण-एक मीटरचा तुकडा मावतो. दहा बाय पंधरात पाठ भिंतीला टेकते आणि तरी मुलाशेजारी कुणी येत नाही. घरात पस्तीस १.८ किंवा पन्नास १.८ बरी. जुनी घ्यायची असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात हिंडा, पण लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हटकून धरते. सिलिका जेल टाकलेला हवाबंद डबा एवढाच माझा बंदोबस्त आहे आणि तो पुरतो.

फोटो दाखवणं

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय त्याकडे येते. फोकस, मीटर, ट्यूबलाइट, हे वाचून शिकता येतं. मी काय गमावलं होतं ते मात्र तो फोटो तीन माणसांना दाखवल्यावरच कळलं.

पहिले काका. डोळ्यांबद्दल बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे ठरवून केलंस, की झालं?" मी म्हटलं, झालं. "मग पुढच्या वेळी ठरव." बस, एवढंच. हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक फोटोला विचारते, कारण पुसट फोटो वाईटच असतो असं काही नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन १८१५ मध्ये कोलकात्यात जन्मली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, आणि १८६४ च्या जानेवारीत मनासारखा जमलेला तिचा पहिला फोटो एका लहान मुलीचा होता. त्याआधीचा एक फोटो काढताना मुलांतलं एक खुदकन हसलं आणि सगळी मेहनत गेली, कारण तेव्हा मुलांना बराच वेळ स्तब्ध बसावं लागे. तिचे चेहरे मऊ, थोडे फोकसबाहेरचे असत. लंडनच्या फोटोग्राफर मंडळींनी त्यावर कडक टीका केली, हिला तंत्र येत नाही म्हणाले. ती बधली नाही. फोकस फिरवताना जिथे आपल्याला सुंदर दिसलं तिथे ती थांबत असे, आणि ते तिला ठाऊक होतं. तिने टीका नाकारली ती या जाणिवेच्या बळावर. माझ्याकडे ते बळ नव्हतं. माझे पुसट डोळे कॅमेऱ्याने ठरवले होते.

दुसरी वहिनी. तिने फोटो पाहिला, "गोड आलाय" म्हणाली आणि मग जरा थांबून म्हणाली, "आईंचे हात कुठले हे?" आईने दोन्ही ओंजळी भरून बोरं ओतली होती, आईच्या मनगटातल्या पाटल्या, वाटीतले उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. फोटोत त्या जागी दोन तपकिरी डाग होते. मला ते बॅकग्राउंड वाटलं होतं. वहिनीला तो सोहळा होता.

तिसरी माझी भाची, पाच वर्षांची. ती आपल्या धाकट्या भावाच्या मागेच गुडघ्यांवर बसून बोरं वेचत होती. तिने कागद हातात घेतला, डावीकडून उजवीकडे पाहिलं आणि विचारलं, "आत्या, मी कुठेय?" मी एका गुलाबी ढगावर बोट ठेवलं. तो तिचा परकर होता. तिने पुन्हा पाहिलं, काही बोलली नाही आणि फोटो परत दिला.

त्या दिवशी मला कळलं की मी उधळपट्टी केली. फास्ट लेन्सने मला दहापट प्रकाश दिला होता. तो मी शटरसाठी वापरायचा सोडून सगळा घर पुसण्यात खर्च केला. वीस-बावीस माणसं, भिंतीवरचं कॅलेंडर, दारातली चपलांची रास, आजीचे हात, बहीण, यातलं काही उरलं नाही. उरलं एक झबलं आणि मुकुट, जे कुठेही काढता आले असते. मुलांच्या फोटोंत बॅकग्राउंड हा कचरा आहे, तो जितका वितळेल तितका फोटो चांगला, ही समजूत मला आता मनापासून चुकीची वाटते. मूल चाळीस वर्षांनी तो फोटो हातात घेईल तेव्हा स्वतःचे गाल बघेलच, पण आधी शोधेल आजी आणि ते घर. लालबागमधल्या कितीतरी चाळींच्या जागी आता टॉवर आहेत. आमचीही चाळ त्याच वाटेवर आहे.

फोटो दाखवण्याबद्दल अनुभवाने काही ठरवलंय. दाखवताना आधी काही सांगायचं नाही. "उजेड कमी होता", "तो सारखा हलत होता" हे ऐकलं की समोरचा फोटो बघायचं सोडून आपल्याला सांभाळून घेतो. चाळीस दाखवायचे नाहीत, तीन दाखवायचे, आणि शक्यतो छापून. फोनवर लोक बोटाने पुढे ढकलतात, कागद मात्र हातात धरून राहतात. "कसा आलाय?" असं विचारलं की "मस्त" एवढंच हाती लागतं. "पहिल्यांदा नजर कुठे गेली?" असं विचारलं की माणूस खरं सांगतो. काकांची नजर मुकुटावर गेली, वहिनीची तपकिरी डागांवर, भाचीची स्वतःला शोधण्यात. तिघांपैकी कुणीही मला कसा फोटो काढायला हवा होता ते सांगितलं नाही, काय दिसतंय आणि काय दिसत नाहीये तेवढं सांगितलं. ऐकताना बाजू मांडायची नाही, वहीत लिहायचं. दोन दिवसांनी वाचलं की त्यातलं आपल्या कामाचं कुठलं ते कळतं. एखाद्याने म्हटलं "ब्लॅक अँड व्हाइट कर", तर ती त्याची आवड. तीन माणसांनी एकाच जागी बोट ठेवलं, तर तिथे नक्की काहीतरी आहे.

फोटो चारचौघांत ठेवून त्यावर बोलण्याची रीत या शहराला नवी नाही. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या मंडळींपैकी होते. तेव्हा काचेवरचे फोटो काढणारी माणसं जमत, आता आम्ही पाच-सहा जण चहाच्या कपांमध्ये कागद पसरून बसतो.

दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो मात्र आईवडिलांना विचारल्याशिवाय कुणालाच दाखवत नाही, आणि शाळेचा गणवेश किंवा इमारतीची पाटी दिसत असेल तर विचारूनही नाही. मूल बोलण्याएवढं झालं असेल तर त्यालाही विचारते. "नको" म्हणालं तर विषय संपला.

पुढच्या संक्रांतीला भाचा अडीच वर्षांचा होता. पाट गॅलरीच्या दारापाशी, ट्यूब बंद, उणे दोनतृतीयांश. या वेळी अॅपर्चर ४ ठेवलं आणि आयएसओ ६४०० केला. त्यामुळे फोटोत बारीक रवाळपणा आला, तो येऊ दिला. दोन मीटर मागे, जवळजवळ स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिले. फोकस भाच्याच्या डोळ्यावर. त्याच्या वर आईच्या ओंजळी, पाटल्यांसकट. त्याच्या मागे फूटभर अंतरावर भाची, काठावर जराशी मऊ, पण तीच, हे कुणीही सांगेल अशी. सहा फ्रेम्स बऱ्या होत्या. मी त्यातली एक निवडून छापली, भाचा हसतोय ती.

भाचीने ती हातात घेतली आणि म्हणाली, "यात माझे डोळे मिटलेत."

मिटले होते. मी पाहिलंच नव्हतं. लॅपटॉप उघडून सहाही फ्रेम्स तिच्यासमोर ठेवल्या. तिने एकेक नीट पाहिली, दोनदा मागे गेली आणि चौथ्या फ्रेमवर बोट ठेवलं. त्यात भाच्याने तोंड वाकडं केलंय, एक बोर नेमकं त्याच्या मुकुटावर आदळून उडतंय, आणि मागे ती दोन्ही मुठी बोरांनी गच्च भरून सरळ माझ्याकडे बघतेय. मी ती फ्रेम पहिल्याच फेरीत बाजूला काढली होती. आता तीच छापून घेतलीय. येत्या रविवारी काकांकडे नेईन.